खालचं पान

शिसपेन्सिल म्हणतात तिला
आणि तिच्यात कणभरही शिसं नसतं.
हे मला माहीत होतं.
बारावी सायन्स नापास, एवढ्या शिदोरीवर
मी तीन उन्हाळे तेंदूच्या फळीवर मुन्शी होतो,
कोरचीच्या अलीकडं, येलमटोल्याला.

कानावर पेन्सिल, मांडीवर रजिस्टर.
सत्तर पानांचा पुडा.
बाया पहाटे तीनला रानात शिरायच्या,
संध्याकाळी पुडे रेतीवर ओळीनं मांडायच्या
आणि आपापला आकडा बोलायच्या.
मी लिहायचो.
पेन्सिलनंच लिही, दिवाणजीनं बजावलं होतं,
शाई घामानं पसरते.
खोटं नव्हतं ते. ग्राफाइट पाण्याला भीत नाही.
खोडरबराला भितं.

जैवंताबाई हलामीची नात, पुनिता, आठवीतली.
एकदा म्हणाली, हे उमटते कशी?
मी एक पुडा उचलला, अंगठ्यानं रेटला.
पान पानावरून घसरलं.
अशीच हिची पानं, म्हटलं,
एकेक पान मोहळाच्या पोळ्यासारखं,
सहा कोनांची घरं, आतून घट्ट.
पण वरच्या पानाचा खालच्यावर जोर नाही.
कागदानं जरा ओढलं की सुटतं, तिथंच राहतं.
"दोरी नाई बांधत का थे?"
नाही.
"अन् चांद्याचा कोळसा?"
त्याच घरचा.
पण हा फार खोल गेला, खडकांखाली भाजला,
इतका, की आता सहजी पेटत नाही.
हिऱ्याचं मी बोललो नाही.
ते तिनं पुस्तकात वाचलेलं होतं.

ट्रक यायच्या आदल्या रात्री
दिवाणजीनं रजिस्टरवर बोट फिरवलं.
इथं वीस. इथं पंधरा. इथंही वीस.
तीन सेलच्या टॉर्चखाली मी पुसत गेलो.
रबराच्या अळ्या फुंकरीनं उडाल्या.
जैवंताबाईचे १८० होते, १६० झाले.
मधेच टॉर्च पिवळी पडली. सेल बदलले,
जुने मोहाखाली भिरकावले.

सकाळी ती कार्ड घेऊन उभी.
"मी त नव इसा सांगतली होती."
मी म्हणालो, रजिस्टर खोटं बोलते का?
आणि पुढं केलं. बघा.
मला वाटलं, कोण बघतंय.

पुनितानं ते जमिनीवर ठेवलं
आणि आकड्यांचं पान उलटून
खालचं कोरं पान काढलं.
मुठीत तिच्या एक काळी कांडी होती,
माझ्याच सेलच्या पोटातली.
पोट्टे सेल फोडून भिंतीवर मोर काढतात तिनं.
रात्री तिच्यातून वीज गेली होती,
मला पुसायला दिसावं म्हणून.
पुनितानं ती दगडावर घासली,
सावरीचा कापूस भुकटीत टेकवला
आणि कोऱ्या पानावर चोळत राहिली,
हळू, सुजलेल्या गुडघ्याला तेल चोळावं तशी.

पान करडं झालं, वाघुराच्या पाठीसारखं चकाकलं.
त्यात पांढरे आकडे वर आले.
एक. आठ. शून्य.
आठाच्या अंगावर सहाचा पुसट ओरखडा.
सहा मी भीतभीत लिहिला होता.

कुणी ओरडलं नाही.
बेचाळीस कार्डं एकामागून एक
माझ्या मांडीवर येऊन पडली.
दिवाणजी फोनला रेंज नाही म्हणत
टेकडी चढून गेला, तो दुपारपर्यंत आला नाही.
मी एकटा लिहीत बसलो. बाया बघत होत्या.
पेन्सिल दोनदा तासली.

आता माझी पिठाची चक्की आहे.
पावसाळ्यात कुलूप धरलं
तर पेन्सिलीचं टोक किल्लीवर घासतो,
दोन हिसक्यांत उघडतं.
मोटारीच्या ब्रशची काळी भुकटी
नखांत बसते, दिवसभर निघत नाही.
हिशेब शाईनं ठेवतो.
तरी रात्री वही मिटताना
खालच्या पानावरून बोट फिरवतो.
लहानपणी मास्तर म्हणायचे, तुझा हात जड आहे, पाटी फुटेल.
अजून जडच आहे.